अनामिकांची साक्ष

संगणकांच्या जाळ्यावर अनोळखी माणसांकडून माहिती गोळा करण्याचा विषय निघाला, की सामान्य वाचक एक प्रश्न हमखास विचारतो आणि तो अगदी रास्त असतो: ज्याचे नाव, गाव, वय, व्यवसाय यांपैकी काहीही आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या शब्दावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवावा? थोडा विचार करणारा वाचक याच्याच जोडीला दुसराही प्रश्न विचारतो, की जी हकीकत सांगितल्यामुळे सांगणाऱ्याच्या नोकरीवर, अब्रूवर किंवा प्रसंगी जिवावरही बेतू शकते, ती हकीकत तो आपले नाव खाली लिहून देईल तरी कशाला? पहिल्या प्रश्नाचे समाधान करू जावे तर माणसाची ओळख मागावी लागते, आणि दुसऱ्याचे समाधान करू जावे तर ती झाकावी लागते. असंख्य अनोळखी लोकांकडून थोडेथोडे काम किंवा थोडीथोडी माहिती मिळवून मोठे कार्य उभे करण्याच्या ज्या पद्धतीला २००६ पासून क्राउडसोर्सिंग हे नाव पडले, आणि जिला आपण येथे जनसंकलन म्हणू, तिच्यातील सर्वांत अवघड पेच हाच आहे. तो कितपत सुटतो आणि कोठे सुटत नाही, हे या प्रकरणात क्रमाक्रमाने पाहू.

१. माणूस अज्ञात, साक्ष पक्की

जनसंकलन हे संगणकाच्या पुष्कळ आधीचे आहे. १८७९ साली जेम्स मरे यांनी इंग्रजी भाषेच्या एका प्रचंड कोशाचे संपादन अंगावर घेतले, आणि इंग्रजी बोलणाऱ्या व वाचणाऱ्या यच्चयावत लोकांना उद्देशून एक विनंतिपत्रक काढले, की आपण जे ग्रंथ वाचाल त्यांतील लक्षणीय शब्दप्रयोग टिपून आमच्याकडे पाठवावेत. हाच पुढे ऑक्सफर्ड कोश म्हणून विख्यात झाला आणि त्याची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली. लोकांनी पाठवलेली प्रत्येक नोंद एका लहानशा चिठ्ठीवर असे: वरच्या कोपऱ्यात शब्द, त्याखाली सन, ग्रंथकाराचे नाव, ग्रंथाचे नाव, पृष्ठांक, आणि मग तो शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य जसेच्या तसे.

या चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत डब्ल्यू. सी. मायनर नावाचे एक अत्यंत परिश्रमी अमेरिकन गृहस्थ होते. ते एके काळचे लष्करी शल्यवैद्य होते, १८७२ साली भ्रमिष्टावस्थेत त्यांच्या हातून लंडनमध्ये एका निरपराध माणसाची हत्या घडली होती, आणि ब्रॉडमूर येथील मनोरुग्ण गुन्हेगारांच्या बंदिशाळेतून ते चिठ्ठ्या पाठवीत होते, हे मरे यांना कित्येक वर्षे माहीत नव्हते. मरे यांनी प्रत्येक वाचकाकडून आधी चारित्र्याचा दाखला मागितला असता, तर कोश आपल्या उत्तम सहायकांपैकी एकाला मुकला असता. दाखल्याची गरज पडली नाही याचे कारण त्या चिठ्ठीच्या रचनेतच आहे: ग्रंथ आणि पृष्ठांक दिलेला असल्यामुळे दुसरा कोणीही तो ग्रंथ उघडून नोंदीची रुजवात घेऊ शकत होता. साक्षीची रुजवात जेथे साक्षीदाराला न ओळखताही होऊ शकते, तेथे त्याची ओळख मागणे अनावश्यक असते. हा आपला पहिला सिद्धान्त, आणि पुढचे सारे विवेचन याच्याच आधाराने चालणार आहे.

२. जेथे उघडून पाहायला ग्रंथ नाही

परंतु प्रत्येक साक्षीला पृष्ठांक नसतो. डिसेंबर २००७ मध्ये केनियात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, निकालावरून देशभर दंगली उसळल्या, हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली आणि लक्षावधी बेघर झाली. सरकारने नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपण बंद केले. अशा वेळी, २००८ च्या जानेवारीत, काही तरुण केनियन लेखकांनी व संगणकतज्ज्ञांनी ‘उशाहिदी’ नावाची एक व्यवस्था उभी केली. कोणीही नागरिक आपल्या दूरध्वनीवरून लघुसंदेश पाठवून किंवा संगणकावरून, अमुक ठिकाणी घरे जाळली, अमुक रस्ता अडवला, असे कळवू शके, आणि ती वार्ता नकाशावर त्या ठिकाणी नोंदली जाई.

येथे दोन्ही प्रश्न आपल्या पूर्ण तीव्रतेनिशी समोर उभे राहतात. साक्ष देणाऱ्याचे नाव फुटले तर उद्या त्याचेच घर जळेल; आणि खोटी वार्ता खरी म्हणून नकाशावर चढली तर त्या अफवेनेही घरे जळतील. या मंडळींनी वार्ता देणाऱ्याचे नाव झाकले, आणि शक्य तेथे स्थानिक संस्था व पत्रकार यांच्याकडून खातरजमा करून घेऊन ‘पडताळलेली’ आणि ‘न पडताळलेली’ असा भेद वाचकांपुढे उघडपणे ठेवला. ही रीत प्रामाणिक होती. तथापि तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की मध्यभागी बसून हे संदेश वाचणारी माणसे सज्जन आहेत आणि ती कोणाच्या धाकाला बळी पडणार नाहीत.

३. मधली कचेरी काढून टाकली तर

मध्यस्थ सज्जन असला तरी त्याचे दफ्तर ही जोखीमच असते. ॲमेझॉन कंपनीने २००५ पासून ‘मेकॅनिकल टर्क’ नावाचा एक बाजार चालवला आहे, ज्यात चित्रे ओळखणे, मजकूर तपासणे, प्रश्नावल्या भरणे अशी बारीकसारीक कामे जगभरची माणसे अल्प मोबदल्यावर करतात. काम देणाऱ्याला काम करणाऱ्याचे नाव दिसत नसे, फक्त अक्षरे व अंक यांचा एक ओळखक्रमांक दिसे. परंतु २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिले, की हाच क्रमांक त्या माणसाच्या ॲमेझॉनवरील सार्वजनिक पानाशी जुळतो आणि त्या पानावर पुष्कळदा त्याचे नाव, त्याने वस्तूंवर दिलेले अभिप्राय, एवढेच काय पण त्याला हव्या असलेल्या वस्तूंची यादीही असते. कोणी मुद्दाम विश्वासघात केला नव्हता. दोन दफ्तरांत एकच क्रमांक वापरला गेला, एवढेच.

असल्या अनुभवांतून विकेंद्रित जनसंकलनाची कल्पना पुढे आली. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्या व्यक्तीने २००८ साली बिटकॉइनची योजना मांडली आणि पुढल्या वर्षाच्या जानेवारीत ती चालू झाली. तिच्यात नोंदवही एकाच पेढीत न राहता तिच्या प्रती हजारो संगणकांवर राहतात, आणि प्रत्येक नव्या पानात मागच्या पानाची गणिती खूण गुंफलेली असल्यामुळे जुन्या नोंदीत गुपचूप फेरफार करता येत नाही. या वहीला ब्लॉकचेन म्हणतात. हीच वही जनसंकलनाला लावली, की कामाची जाहिरात, ठरलेले इनाम, आलेली उत्तरे आणि इनामाचे वाटप ही सर्व कामे कोणा एका कचेरीवाचून होऊ शकतात, आणि मोबदला बुडवणारा मालक किंवा दडपणाखाली नावे देणारा कारकून यांचे भय उरत नाही.

मात्र या उपायाने खाजगीपणाचा प्रश्न मिटत नाही, उलट बिकट होतो. जी वही सर्वांपाशी आहे ती सर्वांना वाचता येते, आणि जिच्यातील काहीच पुसता येत नाही तिच्यात एकदा उघडे पडलेले रहस्य कायमचे उघडे राहते. मध्यस्थावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून सर्व व्यवहार चव्हाट्यावर आणला. आता त्या चव्हाट्यावर माणसाने आपली अब्रू सांभाळावी कशी, हे पाहावे लागते.

४. बहुमत केव्हा खरे असते

त्याआधी विश्वासाचे अंकगणित समजून घेतले पाहिजे. एखाद्या छायाचित्रात रस्त्यावर खड्डा आहे की नाही, हे सांगणारा माणूस शंभरातून सत्तर वेळा बरोबर असतो असे धरा. असे तीन जण विचारले आणि बहुमत घेतले, तर ते बहुमत शंभरातून सुमारे ७८ वेळा बरोबर येते. पाच जणांचे घेतले तर सुमारे ८४ वेळा. हे गणित फ्रेंच विचारवंत कोंदोर्से यांनी १७८५ सालीच मांडले होते. एकेकट्याचे ज्ञान न वाढवता समूहाचे ज्ञान वाढते, यातच जनसंकलनाचे सारे सामर्थ्य आहे.

परंतु या गणिताला एक अट आहे, की प्रत्येकाने स्वतंत्र बुद्धीने उत्तर दिले पाहिजे. पहिल्याचे उत्तर उघड्या वहीत वाचून बाकीच्या चौघांनी त्याची नक्कल केली, तर पाच साक्षी कागदावर दिसतात, पण वजन एकाच साक्षीचे असते, आणि ८४ चे पुन्हा ७० होतात. फुकट इनाम मिळवण्याचा मोह असल्यामुळे अशी नक्कल होणारच, असे धरून चालले पाहिजे.

यावर उपाय आहे तो दोन टप्प्यांत उत्तर देण्याचा. हॅश नावाची एक गणिती क्रिया अशी आहे, की कोणताही मजकूर तिच्यात घातला तर ठरावीक लांबीची एक खूण बाहेर येते. मजकुरात एक अक्षर बदलले तर सगळी खूण बदलते, आणि खुणेवरून मूळ मजकूर काढण्याचा व्यवहार्य मार्ग नसतो. पहिल्या टप्प्यात प्रत्येकाने आपल्या उत्तराची नुसती खूण वहीत नोंदवावी, आणि मुदत संपल्यावर दुसऱ्या टप्प्यात मूळ उत्तर उघड करावे. ते खुणेशी जुळले तरच ग्राह्य. येथे एक बारीक खबरदारी लागते. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असेल, तर कोणीही दोन्ही शब्दांच्या खुणा काढून कोणती जुळते हे क्षणात ओळखेल. म्हणून उत्तरापुढे एक लांबलचक, यदृच्छेने निवडलेली संख्या जोडून मगच त्याची खूण काढतात. या उदाहरणात विश्वास उत्पन्न झाला तो गुप्ततेमुळे. उत्तरे मुदतीपर्यंत झाकलेली राहिली म्हणूनच ती स्वतंत्र राहिली, आणि स्वतंत्र राहिली म्हणूनच विश्वासार्ह ठरली.

५. बहुरूप्यांचा उपद्रव

नक्कल थांबली तरी दुसरे संकट उरते. पंधरा जणांनी मते दिली, नऊ म्हणाले खड्डा आहे, सहा म्हणाले नाही. निर्णय स्पष्ट आहे. आता त्या रस्त्याच्या कंत्राटदाराने एका रात्रीत दहा खोटी नावे धारण करून दहा मते ‘नाही’च्या बाजूने टाकली, की नवाविरुद्ध सोळा मतांनी खड्डा अदृश्य होतो. एकाच माणसाने अनेक रूपे घेण्याच्या या प्रकाराला शास्त्रज्ञ सिबिल हल्ला म्हणतात. जॉन डाउसर यांनी २००२ सालच्या आपल्या निबंधात असे दाखवले, की ओळखी प्रमाणित करणारी एखादी सर्वमान्य यंत्रणा नसेल, तर व्यवहारात न आढळणाऱ्या काही गृहीतांवाचून असा हल्ला पूर्णपणे टाळता येत नाही.

हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे आणि विकेंद्रीकरणाच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी तो कधीही विसरू नये. दरवाजावर कोणी ना कोणी, काही ना काही तपासणारच. काही व्यवस्था प्रवेशासाठी अनामत रक्कम मागतात आणि खोटेपणा उघड झाल्यास ती जप्त करतात; पण मग श्रीमंताला दहा रूपे परवडतात आणि गरिबाला एकही परवडत नाही. बिटकॉइन माणसे मोजतच नाही, खर्ची पडलेली संगणकशक्ती मोजते. काही ठिकाणी आधीच्या सभासदांनी नव्याला जामीन राहायचे असते. पण मग कोण कोणाला ओळखतो याचा नकाशाच तयार होतो, आणि दडपशाहीच्या राज्यात तो नकाशा नावांच्या यादीहून अधिक घातक असतो. सारांश, प्रत्येक दरवाजाचे काहीतरी मोल पडते, आणि ते कोणाला द्यावे लागते हे आधी पाहिले पाहिजे.

६. ओळख न सांगता पात्रता सिद्ध करणे

तर मग एका माणसाने एकच मत दिले याची खात्री व्हावी, आणि तो माणूस कोण हे मात्र कळू नये, हे साधेल काय? चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेकांनी याचे उत्तर नाही असेच दिले असते. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवलेला मार्ग घरगुती उदाहरणाने सहज समजतो. एका कागदावर आपण आपला मजकूर लिहावा, तो कार्बन कागदासह पाकिटात घालून पाकीट बंद करावे आणि अधिकाऱ्यापुढे ठेवावे. अधिकाऱ्याने आपली पात्रता तपासून पाकिटावर बाहेरून सही करावी. कार्बनमुळे ती आतल्या कागदावर उमटते. घरी येऊन पाकीट फाडावे, की अधिकाऱ्याची अस्सल सही असलेला, परंतु त्याने कधीही न पाहिलेला कागद आपल्या हाती राहतो. तो पुढे कोठेही दाखवला तरी सही खरी आहे हे सिद्ध होते, मात्र तो कोणाचा हे त्या अधिकाऱ्यालाही सांगता येत नाही. चॉम यांनी हीच गोष्ट आकड्यांच्या साहाय्याने करून दाखवली.

१९८५ साली शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी याच दिशेने आणखी मोठी मजल मारली. एखादे विधान सत्य आहे एवढेच समोरच्याला पटावे, आणि त्यापलीकडे त्याला काहीही कळू नये, अशा प्रकारच्या सिद्धतेची कल्पना त्यांनी मांडली. तिच्या आधारे ‘माझे नाव सभासदांच्या यादीत आहे’ हे विधान, यादीतील कोणते नाव आपले हे न सांगता, सिद्ध करता येते.

आता राहिला एकाच मताचा प्रश्न. प्रत्येक सभासदाजवळ एक गुप्त संख्या असते. ती संख्या आणि कामाचा क्रमांक मिळून एक शिक्का तयार होतो, आणि तो नियमाप्रमाणेच तयार केला आहे याची सिद्धताही मतासोबत द्यावी लागते. उदाहरणार्थ, सातव्या कामासाठी त्याच माणसाने दुसऱ्यांदा मत दिले, तर शिक्का पहिल्यासारखाच येतो आणि लबाडी उघडी पडते. आठव्या कामासाठी शिक्का निराळा येतो, आणि सातव्या व आठव्या कामांतील माणूस एकच आहे हे कोणालाही ताडता येत नाही. ब्लॉकचेनवरील जनसंकलनासाठी याच तत्त्वाची एक योजना २०१८ साली संशोधकांनी प्रत्यक्ष मांडून दाखवली आहे.

७. सत्य जमावाचे, गुपित प्रत्येकाचे

कधी कधी उत्तरच असे असते, की ते कोणी दिले हे सोडाच, पण आपण ते दिले असा संशयही घातक ठरावा. बंगळूरच्या ‘जनाग्रह’ या संस्थेने २०१० साली लाच द्यावी लागलेल्या नागरिकांकडून अनामिक हकीकती मागवायला आरंभ केला, तेव्हा प्रारंभी अधिकाऱ्यांची नावे घेण्यासही मनाई ठेवली होती. कोणत्या खात्यात, कोणत्या कामाला, किती रक्कम, एवढाच तपशील गोळा करण्याचा हेतू होता. अशा सामुदायिक अंदाजासाठी सांख्यिकीत एक नामी युक्ती आहे. स्टॅन्ली वॉर्नर यांनी ती १९६५ साली फिरत्या काट्याच्या साहाय्याने मांडली. तिचे नाण्याचे सोपे रूप असे.

एक हजार माणसांना विचारा, ‘या वर्षी तुम्ही लाच दिली काय?’ प्रत्येकाने कोणी पाहत नसताना नाणे उडवावे. छाप पडली तर खरे उत्तर द्यावे. काटा पडला तर पुन्हा नाणे उडवावे, आणि खरे काहीही असो, छापेला ‘होय’ व काट्याला ‘नाही’ म्हणावे. समजा एकूण ४०० ‘होय’ आले. सुमारे ५०० माणसांनी नाण्याच्या हुकमाने उत्तर दिले, त्यांतले ‘होय’ सुमारे २५०. उरले १५० ‘होय’, ते खरे बोलणाऱ्या ५०० माणसांचे. म्हणजे लाच देणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्के. कोणा एकाला जाब विचारला तर तो निर्धास्तपणे म्हणू शकतो, की माझ्याकडून ते नाण्याने वदवले.

या संरक्षणाचे मोलही मोजता येते. वरील उदाहरणात सरळ विचारून जेवढी अचूकता मिळाली असती, तेवढीच मिळवण्यासाठी सुमारे साडेचारपट माणसे विचारावी लागतात. जेथे हजारो उत्तरे येतात तेथे हे मोल देणे परवडते. एखाद्या वस्तीतील वीस माणसांच्या बाबतीत ते परवडत नाही. २००६ साली सिंथिया ड्वोर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, किती गोंधळ मिसळला असता किती खाजगीपणा मिळतो, हे काटेकोरपणे मोजण्याचे गणित दिले, आणि त्यामुळे खाजगीपणा ही हिशेबात धरता येण्याजोगी वस्तू झाली.

८. कीर्ती मागे माग ठेवते

एक अडचण मात्र गणिताने पुरती सुटत नाही. माणसाचे पूर्वीचे काम पाहून त्याच्या आजच्या कामावर विश्वास ठेवणे हा व्यवहाराचा जुना नियम आहे, आणि त्यासाठी त्याची कामे एका नावाखाली एकत्र राहावी लागतात, मग ते नाव टोपण का असेना. १ मे २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर कित्येक संपादक टोपणनावानेच लिहितात, आणि प्रत्येक फेरबदल तारीख-वेळेसह पानाच्या इतिहासात राहत असल्यामुळे त्या टोपणनावालाही पत येते. उलट, ज्यांनी खातेच उघडले नाही त्यांच्या संगणकजोडणीचा क्रमांक विकिपीडियावर दीर्घकाळ जाहीर होत असे. म्हणजे अधिक अनामिक राहू पाहणारा माणूसच अधिक उघडा पडे.

टोपणनाव टाकून नवे घेणे फुकट असेल, तर बदनाम झालेला माणूस नवे नाव घेऊन परत येतो, आणि मग प्रत्येक खऱ्या नवागताकडेही संशयानेच पाहावे लागते. टोपणनाव दीर्घकाळ टिकवले, तर त्याखालच्या नोंदींतून माणूस हळूहळू ओळखू येतो. लताना स्वीनी यांनी १९९० च्या अमेरिकन जनगणनेच्या आधारे असे काढले होते, की टपाल विभागाचा क्रमांक, लिंग आणि जन्मतारीख या तीनच गोष्टींवरून तेथील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे वेगळे काढता येण्याजोगे होते. नाव काढून टाकले म्हणजे माणूस झाकला, ही समजूत किती भाबडी आहे हे यावरून कळेल.

९. निवाडा

एवढ्या विवेचनानंतर आपण असे म्हणू शकतो, की खाजगीपणा आणि विश्वास यांचे वैर मुख्यतः ‘तू कोण?’ या एकाच सवालात चार निरनिराळे सवाल कोंबल्यामुळे वाढले. हे विधान पडताळता येते काय, हा माणूस बोलण्यास पात्र आहे काय, तो एकदाच बोलला काय, आणि तो स्वतःच्या बुद्धीने बोलला काय, हे ते चार सवाल होत. त्यांतील प्रत्येकाचे उत्तर नाव न विचारता बऱ्याच अंशी मिळते, हे आपण पाहिले. जे उरते, म्हणजे दरवाजाची तपासणी आणि कीर्तीचा माग, त्याचा निर्णय यंत्रावर सोडता येणार नाही. तो समाजानेच घेतला पाहिजे. तो घेताना माझ्या मते कसोटी एकच असावी, की चूक झाली तर अधिक नुकसान कोणाचे होईल. दंगलीतील साक्षीदार किंवा लाच द्यावी लागलेला गरीब अर्जदार यांचे नुकसान भरून न येणारे असते, म्हणून त्यांच्या बाबतीत संकलनाची थोडी अचूकता सोडावी पण नाव उघड होऊ देऊ नये. इनामासाठी किंवा कंत्राटासाठी पुढे येणाऱ्याकडून मात्र अनामत आणि टिकाऊ टोपणनाव अवश्य मागावे.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला, आणि वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला. परंतु हक्क कायद्यात असला तरी तो बजावण्याची सवय नागरिकाला असावी लागते. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे, की एखाद्या सामुदायिक कार्यासाठी आपणाकडे माहिती मागितली जाईल, तेव्हा ती आनंदाने द्या, कारण अशा दानावाचून लोकांचे ज्ञान वाढत नाही; मात्र जो तपशील दिल्यावाचून ते काम अडत नाही तेवढाच द्या, आणि त्याहून अधिक मागणाऱ्याला तो कशासाठी हवा, हे स्पष्ट विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर तो तपशील देऊ नका.